रतिलालभाईंचा चुकलेला आकडा

आमच्याकडे खडकाच्या भेगेचं मोजमाप हल्ली लेझरनं होतं. तीन पायांच्या स्टँडवर यंत्र बसवायचं, बटण दाबायचं, की खडकाचा चेहरा लाखो ठिपक्यांत संगणकावर उतरतो. पण यंत्र सुरू करण्याआधी आमची मंडळी खडूनं खडकावर एक बाण काढतात. वरचा दगड निसटलाच तर ज्या दिशेनं खाली येईल, त्या दिशेचा बाण. या बाणाला आमच्या ऑफिसात 'रतिलाल' म्हणतात.

"रतिलाल मारला का?"

"मारला, सर."

असं रोज चालतं. मागे नव्यानं रुजू झालेल्या एका मुलीनं तर अहवालाच्या मसुद्यातच लिहून ठेवलं, 'रतिलालच्या दिशेनं खडबडीतपणा सहा.' मी ते खोडलं आणि 'घसरणीच्या दिशेनं' असं केलं. तिनं विचारलं, "सर, रतिलाल हे कुणी शास्त्रज्ञ होते का? परदेशातले वगैरे?"

मी म्हटलं, "नाही. तापीकाठचे होते. केळी लावायचे."

तिला ती थट्टा वाटली. मी थट्टा करत नाही, हे तिला अजून माहीत नाही.

सरळच सांगतो. या कामात माझी बावीस वर्षं गेली. माझा आकडा चुकला असं एकदाही झालेलं नाही. रतिलालभाईंचा चुकला, आणि बाणाला नाव त्यांचं मिळालं. माझ्या नावाचं ऑफिसात काही नाही, खुर्चीवरची उशीसुद्धा नाही. ते गेले त्याला दोन हिवाळे झाले, तरी हा हिशेब मला जुळवता आलेला नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा आणि अजून वाटतो. माणूस चांगला होता म्हणून तो कमी झाला, असंही नाही.

आमचं काम काय ते आधी सांगायला हवं, कारण माझ्या बायकोलासुद्धा ते रतिलालभाईंनी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. खडक दिसतो अखंड, पण आत भेगांनी कापलेला असतो. वरचा दगड भेगेवर नुसता बसलेला असतो. भेगेच्या दोन बाजू दातांत दात अडकावेत तशा खडबडीत असल्या, तर तो धरून राहतो. गुळगुळीत असल्या, तर कधी ना कधी निसटतो. घाटातला रस्ता कापायचा, बोगदा काढायचा, धरणाचा सांडवा खोदायचा, तर आधी कुणीतरी सांगावं लागतं की भेग किती खडबडीत आहे. ते सांगणारे आम्ही. नंदुरबारला एका निवृत्त इंजिनिअरनं काढलेली छोटी कंपनी, मागच्या शेडमध्ये दगडांच्या पेट्या, आणि त्या वेळी आम्ही दोघं.

लेझर तेव्हा नव्हतं. पोलादी पिनांचा एक कंगवा असायचा. तो खडकावर दाबला, की पिना खालीवर होऊन खडकाचा उंचसखलपणा घेत. मग तो कागदावर ठेवून पेन्सिलीनं रेषा उतरवायची आणि छापील तक्त्यातल्या दहा रेषांशी ताडून बघायची. तक्त्यातली पहिली रेषा जवळजवळ सरळ, तिला शून्य. शेवटची करवतीसारखी, तिला वीस. आपली रेषा कुणासारखी दिसते, तो तिचा आकडा. आता हे डोळ्यांचं काम आहे आणि डोळे लबाड असतात. म्हणून एकाच रेषेला दोघांनी एकमेकांना न दाखवता आकडा द्यायचा, हा नियम.

रतिलालभाई गुजर पाटील. तळोदा तालुक्यात तापीच्या काठी त्यांचं गाव, घरची केळी आणि ऊस. सकाळी केळीत जाऊन मग मोटरसायकलनं नंदुरबारला यायचे. त्यामुळे त्यांच्या एकाही शर्टाची बाही स्वच्छ नव्हती. केळीच्या चिकाचा डाग एकदा पडला की काळा होतो आणि जन्मभर राहतो. ते पांढराच शर्ट घालायचे आणि त्याच बाह्यांनी मालकांसमोर बसायचे. मी मोजमापाच्या दिवशीसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालतो. मालकांनी चहाला पहिलं नाव माझं घेतलंय, असं मला आठवत नाही.

कंगवा लावण्याआधी ते खडक धुवायचे. पिशवीत जुना दात घासायचा ब्रश असायचा. त्यानं भेगेतली माती काढायची, पाणी मारायचं, खिशातल्या रुमालानं टिपायचं. म्हणायचे, "तोंड धुतल्याशिवाय फोटो काढू नये. दगडाला बी वाटतं." मिरचीच्या हंगामात बाजारावरून वारा आला की आमच्या शेडमध्ये सगळे शिंकत आणि डोळे पुसत. रतिलालभाई डोळ्यांतून पाणी गळत असतानाच रेषा काढत राहायचे. अशा रेषांवर मी शेऱ्यात 'पुन्हा घ्यावी' असं लिहायचो. ते हसून पुन्हा घ्यायचे. बहुतेक वेळा रेषा तीच यायची.

आकडा आधी लिहायचा आणि मग बोलायचा, याबाबत मात्र ते कडक होते. एकदा मालक शेडमध्ये आले, रेषेवर नजर टाकली आणि मोठ्यानं म्हणाले, "बारा असेल." तिथं त्या दिवशी रस्त्याच्या कामावरचे दोन इंजिनिअर होते. दोघांनीही चिठ्ठीवर बारा लिहिलं. रतिलालभाईंनी आठ लिहिलं होतं. चिठ्ठ्या उघडून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही बोलले आन् यांचे बारा वाजले." मालक खो खो हसले. माझ्या चिठ्ठीवरही आठच होतं. ते कुणी वाचलं नाही.

त्यांची एक खोड होती. जगातल्या कुठल्याही गोष्टीला ते वीसपैकी आकडा द्यायचे. टपरीवाल्याला सांगायचे, "आज तुन्ही भजी चौदा शे." पुतण्यासाठी मुलगी बघून आले, तर काय पाहिलं, घर कसं, शेती किती, काही नाही. "पोरगी नऊ. सासू अठरा." स्वतःच्या बायकोबद्दल म्हणाले, "आमच्या घरातल्या आता अकरा. लग्नात एकोणीस होत्या, बाकीचं मी झिजवलं का त्यांनी मला, ते माहीत नाही." एकदा टपरीवर कुणीतरी विचारलं, "आन् आमना अशोकराव कितीक?" रतिलालभाईंनी माझ्याकडे प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, "अशोकराव तीन."

सगळे हसले. तीन म्हणजे तक्त्यातली दुसरी रेषा. हात फिरवला तर कुठे अडत नाही. मी त्यांना कारण विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

आता ज्या आकड्यासाठी ते लक्षात राहिले, त्याकडे येतो.

तळोद्याच्या वर, सातपुड्यात चढणाऱ्या एका रस्त्याचं रुंदीकरण चाललं होतं. एका वळणावर डोंगर कापला तेव्हा एक प्रचंड काळी लादी उघडी पडली. ती रस्त्याकडे कललेली होती आणि तिच्याखाली भेग होती. लादीला खडकात लोखंडी सळया रोवून बांधायचं की तशीच ठेवायची, ते भेगेच्या खडबडीतपणावर ठरणार होतं. रतिलालभाई मोजायला गेले. दोर घेऊन येणारा माणूस त्या दिवशी आला नाही. मग ते खडकातल्या एका अरुंद पायरीवर चढून उभे राहिले, आणि छातीच्या उंचीवर जिथं हात पोचेल तिथं कंगवा लावून रेषा घेतल्या. मी ऑफिसात त्या रेषा तक्त्याशी ताडल्या. माझा आकडा चौदा आला. त्यांच्या चिठ्ठीवरही चौदा होता. चौदा म्हणजे भक्कम. सळयांची गरज नाही, असा अहवाल गेला. खाली सही रतिलालभाईंची. रस्ता सुरू झाला, जीपा धावायला लागल्या.

पुढं फाल्गुनात एका रविवारी ते दुपारी आमच्याकडे जेवायला आले. माझी बायको मंदा ओट्याखाली पाट्यावर ठेचा वाटत होती. पाट्याला आदल्याच दिवशी टाकी लावून घेतलेली होती. रतिलालभाई सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बसले.

मंदा म्हणाली, "भाऊ, तुम्ही दोघं दिवसभर दगडांचं करता तरी काय? यांना विचारलं तर म्हणतात, तुला नाही कळायचं."

मी असं कधी म्हटलं नव्हतं. मी 'सांगायला वेळ लागेल' म्हटलं होतं.

"वहिनी, हा पाटा शे ना, हाच आमचा धंदा," रतिलालभाई म्हणाले. "टाकी कशाला लावली?"

"गुळगुळीत झाला होता. मिरची नुसती पुढं पुढं सरकायची."

"बस. आम्ही डोंगराला तेच विचारतो. बाबा, तू गुळगुळीत झाला का? तुझ्यावरचं सरकेल का?" आणि ते पीठ सांडलेल्या फरशीवर पाट्याजवळ सरकून मांडी घालून बसले. "आता दखा. टाकीवालीनं रेघा कशा मारल्या? आडव्या. वरवंटा तुम्ही लांबीत फिरवता, म्हणून तो रेघांवर अडतो. हाच हात आडवा फिरवा, रेघांच्या बाजूनं. फिरवा."

मंदानं ओला हात आडवा फिरवला. "अगं बाई. लागतच नाही काही."

"तोच पाटा, तीच टाकी. इकडून सोळा, तिकडून..."

तिथं ते थांबले. हात पाट्यावरच होता. मंदा हसत होती. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि माझ्या कामावरून ती अशी हसलेली मी पहिल्यांदा बघत होतो. ती म्हणाली, "तिकडून किती? सांगा ना."

रतिलालभाईंनी माझ्याकडे बघितलं. "अशोकराव, घाटातल्या रेषा आपण कोणत्या बाजूनं घेतल्या?"

"आडव्या," मी म्हटलं. "तुम्ही घेतल्यात. कागदावर दिशेचा बाण नव्हता, पण पायरीवर उभं राहून उभी रेषा घेताच येणार नाही."

"लादी सरकली तर उभी येणार."

"हो."

ही गोष्ट त्यांना माहीत नव्हती असं नाही. आमच्या धंद्यात ती पहिल्या महिन्यात शिकवतात. खडबडीतपणा घसरणीच्या दिशेनं मोजायचा. पण माणूस पायरीवर उभा असतो, खाली दरी असते, हात आडवा सहज फिरतो, आणि कागदावर सुंदर दातेरी रेषा उमटते. पुढं दोन चिठ्ठ्या उघडतात आणि दोन्हींवर चौदा असतो. दोघांचं जुळलं की कुणी खडकाकडे परत जात नाही.

त्यांनी ताटातली भाकरी नीट संपवली. घाईनं उठले नाहीत. मंदाला म्हणाले, "ठेचा अठरा." मग बाहेर जाऊन मोटरसायकल काढली आणि दोरवाल्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोर घेऊन आम्ही दोघं घाटात गेलो.

ते दोरावरून लादीच्या कडेनं उतरले. ब्रश मारला, पाणी मारलं, कंगवा उभा लावला. पिना जेमतेम हलल्या. मला त्यांनी वर बोलावून दाखवलं. भेगेच्या तोंडावर नांगराच्या तासांसारख्या बारीक खोबणी होत्या, वरून थेट खाली, रस्त्याकडे. कधीतरी फार पूर्वी ती लादी थोडी सरकलेली होती आणि सरकताना तिनं स्वतःचा रस्ता घासून ठेवला होता. आडवा कंगवा त्या खोबणींवरून उड्या मारत गेला होता. खाली येऊन आम्ही एकमेकांकडे पाठ करून चिठ्ठ्या लिहिल्या. दोन्हींवर चार.

चौदाचा चार झाला की काय होतं, ते मी कंपनीच्या जीपच्या बोनेटवर कागद ठेवून काढलं. कोरड्या दिवसांत लादी राहील असं वाटत होतं. भेगेत पाणी झिरपलं किंवा जोराचे हादरे बसले, तर राहील असं मी लिहून दिलं नसतं.

मालकांनी ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता. म्हणाले, "रतिलालभाई, होळी होऊन जाऊ द्या. मग सुधारित अहवाल देऊ. खडक हजारो वर्षं तिथंच आहे. चार दिवसांत काय होणारे?"

"साहेब, खडक तिथंच होता, पण त्याच्या पायाखालचं आपण रस्त्यासाठी काढून टाकलं ना."

"तुमचं नाव जाईल. कंपनीचं तर जाईलच." मालक माझ्याकडे वळले. "अशोकराव, तुमचाही आकडा चौदाच होता ना?"

मी तयारीनं गेलो होतो. सगळ्या जुन्या रेषा, तक्ता, माझी चिठ्ठी फायलीत क्रमानं लावली होती. मी म्हटलं, "मला दिलेल्या रेषांचा चौदा होता. तो बरोबर आहे. आजही तपासून बघा."

"त्यांचा बरोबर शे," रतिलालभाई म्हणाले. "रेषा मी आडव्या घेतल्या. मन्हं चुकनं."

एखाद्यानं 'आज जरा उशीर झाला' म्हणावं, तितक्या सहज. पुढं काही जोडलं नाही. दोरवाला आला नव्हता, हेसुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी नाकारलं नसतं. माझी फाईल कुणी उघडली नाही. त्या खोलीत माझा आकडा बरोबर होता आणि त्यांचा चूक. तरीही बाहेर पडताना मालकांनी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला. आपण बरोबर असल्याचा एवढा कमी उपयोग होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

रस्त्याच्या इंजिनिअरला त्यांनी मालकांच्या देखत फोन केला. तिकडून उत्तर आलं की पाहणी करू, मग बंदचा आदेश काढू. पण भोंगऱ्या त्याच्या आधी होता. होळीआधीच्या बाजाराला डोंगरातली गावंच्या गावं खाली उतरतात. एकेका जीपमध्ये आत जेवढे तेवढेच टपावर, वर ढोल, चांदीचे दागिने, नवे कपडे. त्या वळणाला जीप पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत चढते आणि ढोल वाजतच असतात. हादऱ्यांचा आकडा मला काढता आला नाही, पण आवडलाही नाही.

रतिलालभाई म्हणाले, "मी उद्या तिथं उभा राहतो. तुम्ही वरच्या बाजूला थांबाल का?" मी थांबलो. हेही नोंदवून ठेवतो, कारण कुणी सांगत नाही.

सकाळी त्यांनी वळणाच्या खाली रस्त्यावर मोटरसायकल आडवी लावली. मी वरच्या तोंडाकडे निघण्याआधीच पहिली जीप आली, रायसिंगची. बाजारात एक खेप सोडून, परतणारी थोडी माणसं घेऊन तो आणखी माणसं आणायला वर निघाला होता. हा पावरा आदिवासी, घाटातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. बाजारातल्या माणसांशी अहिराणीत बोलायचा.

"ओ पाटील, गाडी काढ! भोंगऱ्याना टाइमले रस्ता अडावस?"

"वरला दगड बरोबर नही, भाऊ."

"पडी का?"

"माहीत नही."

"माहीत नही म्हणजे? तूच ना रे मोजेल? तूच सांगं व्हतं, पडाव नही!"

"सांगं व्हतं. चुकीनं सांगं. मन्हा आकडा चुकना."

जीपमधली एक म्हातारी ओरडली, "माहीत नही तं घर जाय, केळं खाय!"

सगळी जीप हसली. रतिलालभाईही हसले. "केळं खायाले तुम्ही घर या, माय. आज मात्र या नालामाईन चाला." खाली ओढ्याच्या पात्रातून वळणाला वळसा घालणारी पायवाट होती. रस्ता होण्याआधी लोक तिनंच जायचे. रायसिंगनं शिव्या घातल्या. रतिलालभाई म्हणाले, "दे शिव्या. मन्ह्याच शेतस त्या." मग शिव्या संपल्यावर, पलीकडच्या तोंडाशी दुसरी जीप उभी करायची आणि मधली वाट माणसांनी चालायची, असं त्या दोघांचं ठरलं.

माणसं मग दोन्हीकडून ओढ्यानं जायला लागली. एका गावचा मोठा ढोल दोघांनाही उतारावर सावरेना. रतिलालभाईंनी तो पाठीवर घेतला. मागून चालणारा वाजवणारा थांबायला तयार नव्हता, तो त्यांच्या पाठीवरच वाजवत राहिला. पांढरा शर्ट, केळीचे डाग, पाठीवर वाजता ढोल आणि पुढं बासऱ्या, अशी ती मिरवणूक खालून जाताना मी वरून पाहिली. दिवसभर हेच चाललं. त्यांनी किती फेऱ्या केल्या ते मी मोजलं नाही, मी लाल फडकं धरून उभा होतो. माझ्याकडे कुणी आलं की मी नीट समजावून सांगायचो. आडव्या दिशेनं चौदा, घसरणीच्या दिशेनं चार, कलाचा कोन अमुक. लोक शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, "तो ढोलवाला पाटील कुठंय?"

संध्याकाळपर्यंत लादीवरून एक खडाही पडला नाही.

रायसिंग म्हणाला, "पडना का तुन्हा दगड?"

"नही पडना."

"मंग आमना दिन फुकट गया."

"गया," रतिलालभाई म्हणाले.

लादी पुढंही पडली नाही. आदेश निघाला, रस्ता बंद झाला, उन्हाळ्यात सळया रोवायचं ठरलं. आता ती पडणार नाही. म्हणजे त्या दिवशी ती पडली असती की नसती, हे कुणालाही कधी सिद्ध करता येणार नाही. तरी डोंगरातली माणसं सांगतात, पाटलानं भोंगऱ्याची माणसं वाचवली. आकडेमोडीत असं वाक्य लिहिता येत नाही. मी लोकांना दोनचारदा हे समजावलंही आहे.

कंपनीनं त्यांचा सहीचा अधिकार काढला. काढावाच लागला, मीही तेच केलं असतं. अधिकार माझ्याकडे आला. मी मागितला नव्हता आणि नको असंही म्हटलं नाही. ते पुढं यायचे बंद झाले. केळीत असतात, असं कळायचं. मंदा पाटा धुताना कधी कधी मध्येच हसायची.

पावसाआधी सळया रोवून झाल्या आणि शेवटची तपासणी करून रस्ता खुला करायला मी गेलो. माझं पत्र तयार होतं, खिशात होतं. दोरावरून मी वरच्या रांगेतल्या सळया तपासत होतो. खाली बघितलं तर वळणाच्या अलीकडे, ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर रतिलालभाई बसलेले. कुणी बोलावलं होतं, कुणास ठाऊक. वाळले होते. पाड्यावरची बरीच माणसं भोवती होती. ज्यांना इतके दिवस ओढ्यातून सामान वाहावं लागलं होतं, तीच. कुणी त्यांना चहा दिला होता आणि ते बशीत ओतून पीत होते. काय बोलत होते ते वर ऐकू येत नव्हतं, हसणं तेवढं येत होतं.

शेवटची सळई बरोबर निघाली. तेवढ्यात रायसिंगची जीप आली, आत माणसं. ठेकेदाराच्या माणसानं रस्ता अडवणारा बांबू धरला होता. मी वरून ओरडलो, "सोडा! जाऊ द्या!"

बांबू वर गेला. जीप हलली नाही. रायसिंगनं इंजिन बंद केलं आणि कठड्याकडे बघितलं.

"पाटील, जाऊ का?"

"मले काय इचारस? सही आते त्यासनी शे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

रायसिंगनं मान वर करून मला दोरापासून बुटापर्यंत पाहून घेतलं. "हाऊ कव्हय चुकना शे का?"

"कव्हयच नही," रतिलालभाई म्हणाले. मी कधीच चुकलो नाही, हे ते अगदी मनापासून म्हणाले, मला वरूनही कळलं.

"मंग त्याले कसं समजी, चुकनं ते?"

खालचे सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्याकडे उत्तर होतं. प्रत्येक सळईचा भार मी तपासला होता, दोन्ही दिशांच्या रेषा घेतल्या होत्या, पत्र खिशात होतं. दोरावर लोंबकळत ते कुठून सुरू करावं, ते सुचेना.

रतिलालभाईंनी बशी खाली ठेवली. कठड्यावरून उतरले, पँट झटकली, आणि जीपच्या मागच्या फळीवर चढून दोन बायांच्या मध्ये जागा करून बसले. रायसिंगच्या पाठीवर थाप मारली.

"चाल."

जीप पहिल्या गिअरमध्ये माझ्या पायांखालून गेली. वरून मला त्यांचं टक्कल दिसलं आणि गजाला धरलेला, बाहीवर काळे डाग असलेला हात. त्यांनी वर बघितलं नाही, लादीकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही. शेजारच्या बाईला काहीतरी सांगत होते आणि ती पदर तोंडाला लावून हसत होती. तेच त्यांचं मला झालेलं शेवटचं दर्शन. आकडा माझा होता आणि बरोबर होता. तरी जीप वळणाआड जाईपर्यंत मी दोर दोन्ही हातांनी घट्ट धरून होतो.